दाराशी ठेवलेला डंबेल

लोखंडालाही तोंड होतं, तेव्हाची ही गोष्ट. एकेकाळी कुस्ती खेळणाऱ्या कौसाताईंकडे पाच-पाच किलोच्या डंबेलची जोडी होती. एक डंबेल पेटीत कापडात गुंडाळून राहिला. दुसरा मागच्या दाराला टेकण म्हणून वर्षानुवर्षं भिजला आणि गंजला.

दंड सैल पडू लागले तसे ताईंनी दोघांना एकत्र आणलं, चिंचेच्या पाण्यात बुडवलं आणि तारेच्या ब्रशने खसाखसा घासलं. गंज गेला, पण दारातल्याच्या अंगावर बारीक खड्डे राहिले.

पेटीतल्या भावाची गुळगुळीत पाठ पाहून त्याच्या पोटात दुखू लागलं. "मलाही तसंच करा!"

"अरे, खड्ड्यांनी काय बिघडतं? उलट पकड चांगली बसते," ताई म्हणाल्या.

"त्याचे लाड आणि माझी समजूत! नेहमी हेच."

तो दिवसभर धुसफुसत राहिला. शेवटी वैतागून ताईंनी कानस घेतली. खड्डे गेले, तरी त्याचं समाधान होईना. "अजून घासा! त्याच्याहून जास्त चमकलो पाहिजे मी."

खाली लोखंडाच्या किसाचा ढीग साचला. भाऊ कळवळून म्हणाला, "अरे, तो कीस म्हणजे तूच आहेस!"

"जळतोस माझ्यावर."

सकाळी ताईंनी दोघांना एकदम उचललं. एक हात जड राहिला, दुसरा भर्रकन वर गेला. "आता ही जोडी राहिली नाही रे," ताई हळहळल्या, आणि चमकणाऱ्याला त्यांनी पुन्हा दाराशी ठेवलं.

तिथून त्याला रोज दिसतं. ताई त्याच्या भावाला आधी उजव्या हाताने उचलतात, मग डाव्या.