नावाला ओ देणारी डिस्क

एका धरणापायी गावातून उठवलेल्या माणसांची वसाहत होती. त्या वसाहतीत हौसाबाई नावाची एक विधवा राहायची, आणि तिचा एकुलता एक लेक हिंदुराव दूर शहरात गोदामात हमाली करायचा. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा सरकारनं जमिनीच्या बदल्यात जमीन कबूल केली होती. ती हातात पडेपर्यंत लेक परत यायचा नव्हता. येऊन करणार काय, पत्र्याच्या खोलीत बसून?

वसाहतीत आणलं तेव्हा जो जसा ट्रकमधून उतरला, तसा त्याच्या खोलीला नंबर पडला. हौसाबाईला सतरा मिळाला. पुढं वादळात पत्रे उडाले, खोल्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि नंबर पहिल्यापासून पुन्हा टाकले. हौसाबाई चार झाली. तिच्याकडं फोन नव्हता, आणि लेकाची पत्रं सतरालाच जात राहिली. तिथं आता दुसऱ्याच गावचं बिऱ्हाड. त्यांनी ती वळचणीला खोचून ठेवली. दीड वर्षानं कुणीतरी गठ्ठा आणून दिला तेव्हा तिला कळलं, की पोरगा विसरला नव्हता. तोवर रडून रडून डोळे आटले होते. पाण्याला गेली की बाया म्हणायच्या, चार नंबर, जरा सरका. संध्याकाळी ती चुलीशी बोलायची. माणसाशी बोलायची सवय मोडू नये, एवढ्यासाठीच.

पोटासाठी ती पुनर्वसनाच्या कचेरीत केर काढायची. तिथं एका गार खोलीत लोखंडी कपाट होतं. कपाटाला बारा खण, खणाखणात एकेक डिस्क, आणि त्या डिस्कांत बुडालेल्या गावांची सगळी नोंद. कुणाचं रान कुठं, कुणाचा बांध कुठवर. मूळ कागद ओलीनं कधीच कुजले होते. कपाटाची रीत अशी, की एक डिस्क मेली तर बाकीच्या अकरा तिचा भार उचलत. दुसरी गेली की सगळंच गेलं.

जमीनवाटपाला आठ दिवस उरले असताना वीज गेली आणि परत आली. संगणक जागा झाला आणि सांगू लागला, तिसरी डिस्क जागी होऊन लगेच मेली. खणांवरचे दिवे मात्र बाराही हिरवे. कारकून शिरसाटनं शहरातल्या मोडक मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला. संगणक आणि कपाट त्यांच्याच देखरेखीखाली होतं. त्यांनीही तिथून पाहिलं आणि म्हणाल्या, तिसरीच दिसते, काढा.

हौसाबाई दारात झाडू घेऊन उभी होती. मागं दुरुस्तीला आलेला एक माणूस कपाळाला हात लावून बोलला होता, ते तिला शब्दन्‌शब्द आठवलं. हा संगणक डिस्कांना खणावरून ओळखत नाही. वीज आल्यावर जी आधी जागी होईल तिला तो पहिली म्हणतो. आजची तिसरी उद्या नववी. ते ऐकून तेव्हाच तिला आपले ट्रक आठवले होते.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "ती तिसरी उठली असेल. तिसऱ्या खणात आहे कशावरून?"

"मावशी, तुम्ही केर काढा. डिस्क आम्ही काढतो."

हौसाबाईनं झाडू टाकला आणि तिसऱ्या खणावर तळवा दाबून उभी राहिली. शिरसाटनं बजावलं, हात काढा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका. तिनं हात काढला नाही. तशीच ती फोनकडं वळून बोलली.

"बाई, त्या डिस्कला जन्माचं काही नाव असेल ना? कुठंही बसवली तरी न बदलणारं? त्या नावानं हाक मारा. ती असेल तिथनं ओ देईल."

 मोडक मॅडम म्हणाल्या, की कारखान्यातून निघतानाच प्रत्येक डिस्कला तिची एकटीची खूण मिळते आणि ती शेवटपर्यंत बदलत नाही. त्या खुणेनं कपाटाला विचारते, म्हणजे कपाट त्याच खणाचा दिवा लुकलुकवेल. पलीकडं बटणं वाजली. हौसाबाईच्या तळव्याखालचा खण स्वस्थ राहिला. पार खालच्या ओळीत, अकराव्या खणाचा दिवा लुकलुकायला लागला.

 तिसऱ्या खणातली डिस्क चांगली जिवंत होती. ती उपसली असती तर बुडालेली गावं दुसऱ्यांदा बुडाली असती. शिरसाटनं पडलेला झाडू उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "मावशी, उद्या वेळेवर या."

अकरावी डिस्क बदलली, नोंदी शाबूत राहिल्या आणि आठव्या दिवशी वाटपाची यादी लागली. हौसाबाईच्या वाट्याला कालव्याच्या अंगाला दोन एकर काळं रान आलं. हिंदुरावनं गोदाम सोडलं आणि बायकोपोरांसकट आईकडं आला. त्यांनी बांधावर घर घातलं, विहिरीला पाणी लागलं, आणि पहिल्याच सुगीला शाळू डोक्याच्या वर गेला.

तात्पर्य: जागा आणि नंबर आज एकाचे तर उद्या दुसऱ्याचे असतात, म्हणून कुणाचाही निवाडा करण्याआधी त्याची स्वतःची ओळख विचारावी.