शिवून ठेवलेल्या गोष्टी

नदीकाठच्या एका गावात एक गुरुजी होते. त्यांच्या शाळेत गोष्टींचं एकच पुस्तक होतं. जाडजूड, हाताने लिहिलेलं. मुलं बारा-तेरा वर्षांची झाली की गुरुजी त्यांना त्या पुस्तकातून वाचायला शिकवीत. एकाने उभं राहून मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

त्यात काही गोष्टी भीतीच्या होत्या. तसली एक ऐकून पाटलांची थोरली नात झोपेतून किंचाळत उठली. दुसऱ्याच दिवशी चावडीवर गाव जमलं.

"पोरांना भिववायला शाळा काढलीय काय?" पाटील म्हणाले. "त्या गोष्टी बंद करा. नाहीतर आम्ही शाळा बंद करू."

गुरुजींना पटलं नव्हतं. पण शाळा जाईल या धाकाने ते गप्प बसले. घरी येऊन त्यांनी दाभण घेतलं आणि भीतीच्या अकरा गोष्टींची पानं काठाकाठाने शिवून टाकली. पुस्तकात उरले ते भले राजे आणि झाडाखाली बसून वर देणारे म्हातारे. पोरं गाढ झोपू लागली. गाव खूश झालं.

अशी दहा वर्षं गेली.

एका दुपारी वर्गात सातातली सहाच मुलं आली. सुताराच्या हरबाची जागा रिकामी होती.

"हरबा कुठे?" गुरुजींनी विचारलं.

"त्याचं पोट दुखतंय," तिघे एकदम म्हणाले.

गुरुजींच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी कोष्ट्याच्या गोदीला वाचायला उभं केलं. वर्गात सगळ्यात चांगलं वाचायची ती. गोष्ट होती एका उपाशी राजपुत्राची. त्याला वाटेत एक अनोळखी म्हातारा भेटतो आणि घोडा देतो. गोदी अर्ध्यावर थांबली.

"गुरुजी, गोष्टीतला अनोळखी माणूस कधी खोटं बोलतो का?"

"का गं?"

"उगीच विचारलं."

"वाच की गप," मागून कोणीतरी कुजबुजलं. "भित्री भागूबाई."

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे होत्या, नदीच्या बाजूला. ऊन कलायला लागलं होतं.

गुरुजींची नजरही नदीकडे गेली. तीस वर्षं त्यांनी मुलं शिकवली होती. पोरांनी मिळून एखादी गोष्ट लपवली की छडीने त्यांची तोंडं आणखी घट्ट मिटतात, आणि गोडीत विचारलं तर खोटं ऐकायला मिळतं, हे त्यांना ठाऊक होतं. शिवलेल्या पानांत अशाच एका खोटं बोलणाऱ्या पाहुण्याची गोष्ट होती. दहा वर्षांत त्यांनी ती उघडली नव्हती, तरी ओळ न् ओळ आठवत होती.

समोरच पाटलांचा धाकटा नातू बसला होता. आज पान उघडलं तर दिवेलागणीच्या आत चावडीवर कळणार, आणि उद्या शाळेला कुलूप. गुरुजींनी एकदा त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग बोरू तासायचा चाकू उचलला आणि टाके उसवले.

"गोदे, हे वाच."

गोदी वाचू लागली. "एका गावात एक गोड बोलणारा पाहुणा आला. त्याने मुलांना विचारलं, तुम्हाला काय हवं? ज्याने जे मागितलं ते देतो म्हणाला. फक्त घरी सांगू नका. सांगितलंत तर गंमत जाईल."

गोदी वाचता वाचता थांबली.

"पुढे वाच."

"वाचवत नाही, गुरुजी."

"वाच."

"मुलं त्याच्या नावेत बसली. नाव धुक्यात शिरली. आया काठावर उभ्या राहून हाका मारत होत्या. घसे बसले. पलीकडून एकही ओ आली नाही."

पाटलांचा नातू उठून उभा राहिला.

"गुरुजी, तोही असंच म्हणाला," तो म्हणाला. "घरी सांगितलं तर गंमत जाईल."

मग सगळं बाहेर आलं. चार दिवसांपासून नदीच्या वळणावर, लव्हाळ्यात, एक माणूस नाव लावून बसला होता. राजाला वाचता येणारी मुलं हवीत, प्रत्येकाला एक घोडा, असं सांगत होता. सूर्य डोंगराला टेकला की सगळ्यांनी यायचं ठरलं होतं. हरबाला पांढरा घोडा हवा होता, म्हणून तो दुपारीच पुढे गेला होता.

"पहिल्या दिवशी त्याने काय विचारलं माहितीय?" गोदी म्हणाली. "तुमच्या पुस्तकात कुठल्या कुठल्या गोष्टी आहेत ते सांगा. आम्ही सगळ्या सांगितल्या. मग तो हसला."

गुरुजी धावत सुटले. वाटेतल्या शेतांतून माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन मागे आली. लव्हाळ्यात नाव होती. नावेत सात पोती होती. सहा रिकामी. सातव्यात हरबा होता, तोंडात बोळा कोंबलेला, पण जिवंत. उरलेल्या सहांची वाट पाहत तो माणूस थांबला होता, म्हणून नाव अजून काठाला होती. माणसं दिसताच त्याने पाण्यात उडी मारली. तो कोणाला सापडला नाही.

ती सहा पोती मागून पोचलेल्या पाटलांनी स्वतःच्या हाताने नावेतून बाहेर काढली. शाळा बंद करायचं त्यांनी नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई मुलाला घेऊन शाळेच्या दारात आली. डोळे सुजलेले.

"गुरुजी, रात्रभर झोपला नाही हो हा. जरा दार वाजलं की दचकतोय. नुसतं विचारायचं होतंत पोरांना, ती गोष्ट कशाला वाचायला लावली?"

"झोपला नाही?" गुरुजींनी विचारलं.

"डोळ्याला डोळा नाही लागला त्याचा."

"मग रात्रभर होता कुठे?"

"कुठे म्हणजे? घरात. माझ्या कुशीत."

गुरुजींनी दारातून बाजूला होऊन वाट दिली. बाईने मुलाचा हात घट्ट धरला आणि तिनेच त्याला वर्गात नेऊन बसवलं.

तात्पर्य: जे वाईट आपण मुलांना पुस्तकात भेटू दिलं नाही, ते त्यांना वाटेवर भेटतं, आणि तिथे शेजारी गुरुजी नसतात.