राघूचा लाडका शब्द

गोरे साहेब रानात छावणी टाकत, तेव्हाची गोष्ट. छावणीलगतच्या चिंचेवरच्या राघूला इंग्रजी शब्द ढीगभर पाठ होते. ‘फायर’ हा त्याचा लाडका. शेजारच्या साळुंकीला मात्र दोनच येत. शब्द ऐकून माणसं काय करतात, हे पाहिल्याखेरीज ती पुढचा शब्द घेत नसे.

“अशानं तुझं इंग्रजी कधी व्हायचं?” राघू म्हणे.

एकदा शिपायांनी नेमबाजीसाठी चिंचेला फळी टांगली, बंदुका रोखल्या आणि ते साहेबाच्या हुकमाची वाट पाहू लागले. राघूला वाटलं, हे आपलंच ऐकायला थांबलेत. साहेबाच्या आवाजात लाडका शब्द म्हणायला त्याने चोच उघडली, तोच साळुंकीने तिच्यात आपला पंख कोंबला.

“उड आधी,” ती म्हणाली. “माझ्या दोन शब्दांतला तो एक आहे.”