मोरखिंडीचं वळण

"ती सुखरूप पोचेल ना, बाबा?"

जांभळाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर सोमगिरी बाबांनी हातातला गज मारला.

ठण्ण...

मग मान तिरकी करून त्यांनी घाटाकडे कान लावला.

घाट दिसत नव्हता. रस्ता चार पावलांवर संपल्यासारखा वाटत होता आणि त्यापुढे नुसतं पांढरं होतं.

"बाबा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं मी."

मुकुंद पेठे स्टँडवरून जवळजवळ पळतच आला होता. दुपारची एसटी अजून आलेली नव्हती. त्याच्या बायकोचा, ललिताचा फोन लागत नव्हता. स्टँडवरचा माणूस म्हणाला, घाटात असेल कुठंतरी, आणि चहा प्यायला निघून गेला.

मोरखिंड घाटमाथ्यावरचं लहानसं गाव. पावसाळ्यात शहरातली माणसं इथं धुकं बघायला येतात, फोटो काढतात, भजी खातात आणि स्वर्ग आहे म्हणत उतरून जातात. गावातली माणसं त्या दिवसांत फार बोलत नाहीत. घरातलं कोणी घाटात असलं की त्यांचा एक कान खालीच असतो.

मुकुंद थंडीत आला होता, तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. पुण्यात तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. रात्री तीनतीनदा उठून गॅसचं बटण बघायचा. बायको बाजारातून यायला जरा उशीर झाला की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची. या सगळ्यातून सुटायचं म्हणून त्याने नोकरी सोडली, बाबांच्या मठाशेजारी खोली घेतली आणि बाबांना म्हणाला, "माझी भीती तेवढी काढून टाका."

बाबांनी त्याला अंगण झाडायला सांगितलं होतं.

पण थंडी गेली, उन्हाळा गेला, आणि मुकुंदला खरोखरच शांत झोप लागू लागली. तो ललिताला फोनवर सांगायचा, ये एकदा, बघ तरी. तिला घाटाची धास्ती होती. नाही नाही म्हणत शेवटी ती आज निघाली होती. त्याच्या शब्दावर.

आणि गेल्या आठवड्यातल्या पावसात, ते आत्ता उभे होते त्याच वळणाचा कठडा दरीत गेला होता. त्या जागी दोन पिंपं ठेवली होती. धुक्यात ती कोणाला दिसणार?

म्हणून धुकं उतरलं की गावातलं कोणीतरी इथं येऊन रूळ वाजवायचं. तो ऐकला की गाडीवाल्याला कळायचं, वळण आलं, गाडी डोंगराच्या अंगाला घ्यायची. आज दुपारपासून बाबा उभे होते. त्यांचा उजवा हात भरून आला होता.

त्यांनी गज मुकुंदपुढे धरला.

"वाजव."

मुकुंदने गज घेतला आणि ठोक्यावर ठोके घालायला सुरुवात केली. ठणठणाट झाला. त्याचे दात आवळले गेले होते.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"असं नाही. एक ठोका दे, मग थांब. गाडी ऐकू यायला जागा ठेव."

ठण्ण...

पाण्याचा आवाज. पानांवरून ठिबकणारे थेंब.

ठण्ण...

खालून घरघर आली. पिवळे दिवे उगवले, डोंगराला घासून वर सरकले. एसटी नव्हती. भाजीची पिकअप होती. ड्रायव्हरने काच खाली घेतली.

"बाबा, येष्टी आडकलीया खालच्या वळणाला. झाड आलंय रस्त्यात. मी कडंनं काढली गाडी. मोठी गाडी काय निघायची न्हाय तितनं."

"कोणाला लागलंय का?" मुकुंदने विचारलं.

"ते काय दिसलं न्हाय, साहेब. धुकंच एवढं हाय." पिकअप निघून गेली.

मुकुंदने गज खाली टाकला.

"मी जातो."

त्याला वाटलं, बाबा अडवतील. बाबांनी वाकून गज उचलला.

"जा."

तो पळाला. सुरुवातीला पायाखाली डांबर होतं. मग डांबर आहे की नाही, कळेना. मागे रूळ वाजत होता. त्याच्या मनात ललिता होती. कलंडलेली बस, फुटलेल्या काचा, तिची निळी पर्स... पायाखाली खडी करकरली. तो थांबला. पुढच्या पावलाला एक दगड सुटला.

दगड पडल्याचा आवाज आलाच नाही.

मुकुंद जागच्या जागी खाली बसला. डोंगर कुठल्या बाजूला, दरी कुठल्या बाजूला, काही उमजेना. डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच.

ठण्ण...

तो आवाजाकडे वळला. हात टेकून एक गुडघा पुढे सरकवला.

आवाज थांबला. तोही थांबला.

ठण्ण...

असा तो परत आला. जांभळाच्या बुंध्याला हात लागला तेव्हा तो उभा राहिला. पँट गुडघ्यावर फाटली होती.

बाबा डाव्या हाताने रूळ वाजवत होते. उजवा हात त्यांनी पोटाशी धरला होता.

मुकुंदने त्यांच्या हातून गज घेतला.

यावेळी त्याने घाई केली नाही. एक ठोका... आणि कान. छातीतली धडधड तशीच होती. पुण्यात रात्री उठवायची तीच, तेवढीच. पण हात बरोबर वेळेला वर जात होता.

किती वेळ गेला कोण जाणे. बाबा दगडावर बसून मनगट चोळत होते.

मग खालून मोठ्या गाडीची धाप ऐकू आली. मुकुंदचा हात चुकला नाही. दोन दिवे आले, थोडे दरीकडे झुकले...

ठण्ण...

दिवे डोंगराकडे वळले. एसटी त्याच्या अगदी जवळून गेली. काचा वाफेने भरल्या होत्या. आतली माणसं दिसली नाहीत, नुसते आकार दिसले. त्यातला एक ललिताचा असणार.

गज खाली ठेवून त्याने स्टँडकडे एक पाऊल टाकलं. तेवढ्यात खालून हॉर्न आला. बारीक, लांबून, वाट चुकल्यासारखा.

मुकुंद परत फिरला. गज उचलला.

ललिताच शोधत आली. हातात बॅग, साडीला चिखल. स्टँडवर कोणीतरी तिला सांगितलं होतं, साहेब वळणावर असतील.

"न्यायला नाही आलात?" ती म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या हातातल्या गजाकडे गेलं.

"लागलं नाही ना तुला?"

"नाही. झाड हलवायला सगळे उतरलो होतो." ती जवळ आली. "वर येताना ड्रायव्हर म्हणत होता, सगळ्यांनी गप्प बसा, मला ऐकू द्या. तुम्हीच होतात?"

मुकुंदने ठोका दिला.

ललिताने त्याची फाटलेली पँट बघितली, थरथरणारी हनुवटी बघितली. पुण्यातल्या त्या सगळ्या रात्री तिने काढल्या होत्या. तिने बाबांना नमस्कार केला.

"हे मला फोनवर सांगायचे, भीती गेली म्हणून. खरंच गेली का हो, बाबा?"

सोमगिरी बाबांनी घाटाकडे कान लावला.

"इतक्यात जायला नको, बाई. खाली अजून एक गाडी आहे."