दुसऱ्याच्या नावाची हजेरी

एकदा एक आचार्य एका विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांचे पालक म्हणून राहत होते. मुले त्यांना सर म्हणत. मी आचार्य म्हणतो. जे सांगायचे ते आधी स्वतः करायचे, असा माणूस हल्ली सापडत नाही. सापडला तर त्याला जरा मोठे नाव द्यावे, त्यात आपले काही जात नाही.

विद्यापीठ गावाबाहेर, माळावर. वर्षाच्या सुरुवातीला बाप पोरांना सोडायला येत. गादी, बादली, आईने बांधून दिलेला चिवडा. जाताना प्रत्येक बाप तेच सांगे. "कुलूप दणकट लाव. मोठ्या पोरांच्या नादी लागू नको. उपाशी झोपू नको." बरोबरच आहे. कुलूप लावाच. पण शेजारच्या खाटेवर झोपणारा कोण, कुठला, त्याच्या घरी कोण असते, हे विचारून घे, असे एकही बाप सांगत नाही. मी तरी ऐकलेले नाही.

त्या वसतिगृहात संध्याकाळी जेवणाआधी हजेरी होई. सगळे दालनात जमत. आचार्य एकेक नाव पुकारत, ज्याचे नाव तो "हजर" म्हणे, आणि मग ताटे मांडली जात. आचार्यांची नजर अधू झाली होती. मागच्या रांगेतले चेहरे त्यांना दिसत नसत. ते आवाजावर चालत.

त्यांचा एक आवडता शिष्य होता. हुशार, बोलका, कुणाच्याही मदतीला धावणारा. संध्याकाळी तो आचार्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्यांच्याशी वाद घाली. आचार्यांना वाद घालणारा शिष्य आवडे. पण या शिष्याच्या अंगी आणखी एक कला होती. तो कुणाचाही आवाज काढी. नाकातला, घोगरा, चिरका, वऱ्हाडी, कोकणी, म्हणाल तो. ही कला त्याने कशाला वापरली असेल? हजेरीला.

"भावा, आज माझी लाव. पिक्चरला चाललोय."

"लावतो की. येताना वडापाव आण."

"सरांना कळलं तर?"

"सरांना मागचं दिसत नाही, आणि कान त्यांचे माझ्यावर फिदा आहेत. तू जा बिनधास्त."

त्या वसतिगृहात पोरांची एक म्हणच झाली होती: विचारतो तो बाप, लावतो तो मित्र. म्हणजे मित्राने हजेरी लावायची. कुठे चाललास, कधी येणार, हे विचारायचे नाही. विचारले की मैत्री बाटली. असली म्हण ज्याने काढली त्याच्या पाठीत एक रट्टा घालायला हवा होता. पण पोरांना ती फार आवडे, आणि शिष्य तर ती छाती फुगवून म्हणे.

त्या वर्षी वैजनाथ नावाचा एक मुलगा आला होता. लहानशा गावातला, अबोल. कडेच्या खोलीत राही. त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा कावीळ होऊन गावी गेल्यामुळे तो एकटाच होता. एका शनिवारी तो शिष्याच्या दाराशी आला आणि उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

"माझी लावशील का रे आज? गावात जाऊन येतो. यायला उशीर होईल."

"लावतो की. आत ये ना, चहा घे."

"नको. निघतो."

शिष्याने काम विचारले नाही. संध्याकाळी नाव पुकारले, तेव्हा त्याने वैजनाथचा तो खालच्या पट्टीतला, अडखळणारा आवाज असा हुबेहूब काढला की शेजारची पोरे तोंड दाबून हसली. रविवारी वैजनाथ दिसला नाही. शिष्याला वाटले, थेट आपल्या घरीच गेला असेल, येईल. त्याने पुन्हा "हजर" म्हटले. सोमवारी पुन्हा, मंगळवारी पुन्हा. वर्गात त्याच्या नावाने दुसऱ्या कुणी हात वर केला. मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींनी विचारले, "तो कडेच्या खोलीतला दिसत नाही, त्याचा खाडा धरू का?" तेव्हा शिष्य म्हणाला, "खाडा कशाला मावशी? पोटात दुखतंय त्याच्या, खोलीवर ताट नेतो." ताट नेले, आणि दोघा-तिघांनी मिळून खाल्ले. कशात फट राहू नये, मित्र अडचणीत येऊ नये. वाचा पुन्हा. अख्ख्या विद्यापीठाने मिळून, प्रेमाने, नसलेल्या पोराला हजर ठेवले.

बुधवारी दुपारी आचार्यांना एका बाईचा फोन आला. वैजनाथची आई. "सर, पोराचा फोन लागंना. कवापास्नं बंदच हाय. जरा बघता का?" आचार्य म्हणाले, "ताई, संध्याकाळी हजेरीला भेटेल. तिथूनच तुम्हाला बोलायला लावतो."

संध्याकाळ झाली. आचार्यांनी नाव पुकारले.

"वैजनाथ."

"हजर."

"पुढे ये बाळ. आईचा फोन आला होता."

कुणी पुढे आले नाही. मागे कुजबुज झाली, एक हसू फुटले आणि मिटले. आचार्य उठले. रांगांमधून वाट काढत, आवाज आला होता तिथपर्यंत गेले. जवळ गेल्यावर त्यांना चेहरा दिसला. चेहरा त्यांच्या आवडत्या शिष्याचा होता.

आता ते संतापतील, हात उगारतील, असे सगळ्यांना वाटले. आचार्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन शिष्यापुढे धरला. "घे. तू वैजनाथ आहेस ना? बोल आईशी."

शिष्याने फोन घेतला. पलीकडून आवाज आला, "वैजू? अरं किती फोन करायचे? जेवलास का?"

आणि पुढे जे झाले ते सांगतानाही मला धक्का बसतो. शिष्याने एकदा आचार्यांकडे पाहिले, एकदा मित्रांकडे पाहिले, आणि वैजनाथच्या आवाजात म्हणाला, "हो आई. जेवलो. फोन बिघडलाय माझा."

मग बाई अगदी हळू बोलली.

"लेकरा, तू कोन हाईस?"

शिष्याने फोन कानापासून दूर धरला.

"माझा वैजू मला आई म्हनत न्हाई. दिरांचं ऐकून ऐकून लहानपनापास्नं वहिनीच म्हनतो. तू कोन हाईस? आन माझं पोरगं कुठंय?"

आचार्यांनी फोन परत घेतला. म्हणाले, "ताई, तुमचा मुलगा इथे नाही. तो रोज इथे आहे असे मी समजत होतो. मी शोधतो, आणि कळल्याबरोबर तुम्हाला स्वतः सांगतो." मग ते पोरांकडे वळले. "शेवटचा कुणी पाहिला त्याला?"

"सर, मला वाटलं गावी गेलाय."

"मला वाटलं आजारी आहे, खोलीत झोपलाय."

आणि पुढच्या रांगेतला एक साधाभोळा मुलगा म्हणाला, "पण सर, रोज हजेरीला असायचा की तो! मी स्वतः ऐकलाय."

आचार्य तिथेच बाकावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. "सोमवारी सकाळी," ते म्हणाले, "चौकीतून हवालदाराचा फोन आला होता. सरकारी दवाखान्यात एक अनोळखी पोरगा आणलाय, गाडीने उडवलेला, बोलत नाही, तुमच्यातला कुणी आहे का म्हणून. मी म्हणालो, आमचा नाही. आमचे सगळे हजर आहेत."

वसतिगृहाच्या ड्रायव्हरने जीप काढली. शिष्य न सांगता मागे चढला. दवाखान्यात कोपऱ्यातल्या खाटेवर वैजनाथ होता. डोके बांधलेले, एक पाय सुजून काळानिळा, अंगात ताप. चष्म्याची काडी बसवायला तो गावात गेला होता. रस्ता ओलांडताना मोटारसायकलने उडवला. फोन फुटला, खिशात ओळखीचे काही नव्हते. खाटेच्या डोक्याशी पाटी होती: अनोळखी पुरुष.

नर्सने आचार्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "आत्ता आलात होय? मोठ्या दवाखान्यात हलवायला घरचं कुणी हवं होतं, तर पोलीस म्हणाले विद्यापीठाचा नाही. नाव तरी सांगा त्याचं. शनिवारपासून बिननावाचा पडलाय."

शिष्याने तोंड उघडले. ज्या नावाला रोज सहज ओ दिली, ते त्याच्या तोंडून बाहेर पडेना. शेवटी आचार्यांनीच सांगितले.

वैजनाथला मोठ्या दवाखान्यात हलवले. आचार्यांनी त्याच्या आईला फोन केला, डॉक्टरांशी बोलून घेतले, आणि मग ते आणि शिष्य बाहेरच्या बाकावर बसले. शिष्य त्यांच्याकडे वळला.

"सर, मला मारायचं होतंत. सगळ्यांसमोर थोबाडीत द्यायची होतीत. फोन का दिलात?"

"मला वाटलं, आईचा आवाज ऐकलास की खरं तोंडातून पडेल," आचार्य म्हणाले. "आईपुढे कुणाला खोटं बोलवत नाही, असा माझा समज होता. तू तिलाही हजेरी दिलीस."

"मी मित्रासाठी केलं, सर. त्याचं वाईट व्हावं म्हणून नाही."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त भीती वाटते. वाईट करणारा निदान ओळखू येतो. ऐक. माणूस संकटात पडला, बेशुद्ध झाला, तर त्याला ओरडता येत नाही. त्याच्या वतीने एकच गोष्ट ओरडते, त्याची रिकामी जागा. ताट उरतं, हाकेला ओ येत नाही, वर्गात बाक मोकळा दिसतो. मग कुणीतरी विचारतं, अरे, तो कुठाय? तू त्याची जागा भरून टाकलीस. ताट संपवलंस, हाकेला ओ दिलीस. तो तिथे पडून ओरडत होता, आणि तू प्रेमाने त्याच्या तोंडावर हात ठेवलास. आणि मी? मी आवाज मोजत बसलो. माणसं मोजायला खुर्चीवरून उठावं लागतं, ते मी आज उठलो. त्यामुळे तुला मारायचा अधिकार मला नाही."

शिष्य रडला. आचार्यांनी त्याला थांबवले नाही. रडू द्यावे, त्याने काही बिघडत नाही.

सकाळी वैजनाथची आई आली, सोबत तिचे दोन दीर. डॉक्टर म्हणाले, जीवाचा धोका टळला. पण पाय उशिरा हाती आला, तो आता पूर्वीसारखा सरळ होणार नाही, लंगडेल. बाईने ते ऐकून घेतले. पोराजवळ बसली, कपाळावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"काल फोनवर बोलला त्यो कोन?"

शिष्य उठून उभा राहिला. दीर पुढे झाले, तिने हातानेच त्यांना मागे सारले. शिष्याला वाटले, आता शिव्या मिळतील, शाप मिळेल, आणि जे मिळेल ते कमीच असेल. तिने त्याच्या चुरगळलेल्या सदऱ्याकडे पाहिले, तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिले.

"कालपास्नं हितंच हाईस?"

"हो."

"तुज्या आईला ठावं हाय का, तू हितं हाईस म्हनून?"

शिष्याने मान हलवली. नव्हते ठाऊक.

"मग सांग की तिला," ती म्हणाली, आणि पुन्हा आत पोराजवळ गेली.

तो खिडकीपाशी गेला. फोन लावला. पलीकडून नेहमीचेच आले, उठलास का, चहा झाला का. इकडून नेहमीचे उत्तर जिभेवर आलेच होते. ते त्याने गिळले.

"आई, मी वसतिगृहात नाहीये," तो त्याच्या स्वतःच्या आवाजात म्हणाला. "दवाखान्यात आहे. मला काही झालेलं नाही. पण माझ्यामुळे एकाला झालंय. सगळं सांगतो, तू ऐक."

बाकावरून आचार्यांनी ते ऐकले आणि डोळे मिटून घेतले.

नव्या पोरांनो, कॉलेजात जाताय, जा. मजा करा, वर्ग बुडवायचा तर तोही बुडवा. पण शेजारचा दिसला नाही तर त्याच्या नावाने बोलू नका. उठा, आणि तो कुठे आहे ते बघून या.