सांभाळणाऱ्याचं नाव

"पण सर, माझ्या प्रोग्रॅममध्ये खोट काय आहे?"

शार्दूल टेंबे दारातूनच विचारत होता; त्याचा प्रोग्रॅम सरांनी परत पाठवला होता. चपलाही काढल्या नव्हत्या.

केळुसकर सरांनी मान वळवली नाही. निवृत्तीनंतर ते या डोंगराखालच्या घरात एकटे राहत आणि लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या एका वितरणाचं भांडार, म्हणजे सगळ्यांसाठीचा प्रोग्रॅमांचा साठा, सांभाळत. खेड्यांतल्या दवाखान्यांचे संगणक त्या भांडारावर चालत. पूर्वी सांभाळणारे पुष्कळ होते. आता...

"खोट नाही रे. दुसऱ्यांच्या लायब्ररी, त्यांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे, तू प्रोग्रॅमच्या पोटात घालून आणल्यास. भांडारात त्या आहेतच. सगळे मिळून एकच प्रत वापरतात."

"शिळी प्रत! नव्या प्रोग्रॅमिंग भाषांत ज्याचं त्याने आणायचं, सर. कुणापुढे हात पसरायला नको."

"तारखा वाचणारी लायब्ररी घेतलीस ना? कोणाची ती?"

"कोणाची म्हणजे? आज्ञा दिली, इंटरनेटवरून उतरली."

"लिहिणारा गेला. त्याच्या बहिणीने कळवलं. त्यानंतर तिच्यात सापडलेली सुरक्षेची भोकं मी बुजवतो. तुझ्या पोटातली प्रत तशीच आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू कुणाला विचारलंस?"

शार्दूल ओशाळला, पण क्षणभरच.

"आणि उद्या तुम्ही नसलात तर?"



आतल्या खोलीत फ्रिजची घरघर थांबली. पुन्हा सुरू झाली.

मग त्यांनी त्या लायब्ररीची नोंद उघडली. भांडाराचा रिवाज असा, की आतल्या प्रत्येक वस्तूवर एका जिवंत माणसाचं नाव हवं. नाव नसेल तर ती अनाथ. आज संध्याकाळी भांडार गोठणार होतं, म्हणजे नव्या आवृत्तीसाठी त्यातले बदल बंद होणार होते. गोठताना अनाथ वस्तू भांडारातून गळते, आणि तिच्यावर उभं असलेलं सगळं तिच्याबरोबर गळतं.

सरांनी स्वतःचं नाव पुसलं.

"सर! हे काय?"

"तूच विचारलंस ना, मी नसलो तर?"

स्क्रीनवर गळणाऱ्या प्रोग्रॅमांची नावं उतरू लागली. औषधांचा साठा. बाळांच्या लसी. बाळंतिणींच्या तपासण्या...

"नाव परत घाला, सर."

"थकलो रे." सरांनी कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. "तुझं घाल."

"माझं? मी माझा प्रोग्रॅम आत घ्या म्हणायला आलोय!"

सरांनी हात लांबवून एक कळ दाबली.

"घेतला. जसा आहे तसा."

शार्दूल उतरणारी नावं पाहत राहिला. खालपर्यंत पाहिलं. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव त्यांत नव्हतं; त्या लायब्ररीची प्रत त्याच्या पोटातच होती.

"म्हणजे... माझा चालेल?"

"चालेल," सर म्हणाले. "एकटाच चालेल."