पांढरी भिंत, गेरूचा काठ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजालाही आपलं वय नीट ठाऊक नसायचं.

एका गावात सणाआधी स्वयंपाकघर रंगवायची रीत होती. रंग एकच, गेरूचा. भिंती, फळ्या, चूल, सगळं तांबडंलाल. त्यात धुराचे डाग लपतात आणि घर बघायला येणाऱ्या बायकांना नावं ठेवायला जागा उरत नाही. नावं ठेवायची हौस मात्र गावात उदंड होती.

तिथे एक म्हातारी राहायची. तिच्या हातची भाकरी ज्याने खाल्ली, तो दुसरीकडे जेवताना तोंड वाकडं करी. पण तिची नजर अधू झाली. तांबड्या भिंतीपुढे तांबडी चूल दिसेना. एकदा कालवणाचं भांडं तिने चुलीवर म्हणून चुलीच्या कडेला ठेवलं. ते कलंडलं आणि पाय भाजला.

"आई, आजपासून चुलीपाशी जायचं नाही," मुलाने बजावलं.

म्हातारी ओसरीवर बसून राहू लागली. दोन घास खाऊन ताट सारायची. सुनेला ते बघवेना.

एकदा अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर एक लाल मिरची पडली होती. म्हातारीने ती लांबूनच हेरली आणि नेमकी उचलली. सून बघतच राहिली.

सण आला तशी तिने भिंती आणि चूल पांढऱ्या मातीने पोतारली. गेरू लावला तो फक्त चुलीच्या काठाला आणि फळ्यांच्या कडांना.

"अगं, सगळं गाव हसेल," नवरा म्हणाला.

"हसू दे."

शेजारीण आलीच. "सूनबाई, आठ दिवसांत काळी होईल गं ही भिंत!"

"होईल ना, काकू. मग पुन्हा पोतारीन."

"जन्मभर?"

"सासूबाई आहेत तोवर."

मग तिने सासूला हात धरून उंबऱ्यापर्यंत आणलं आणि हात सोडला. म्हातारीने डोळे बारीक केले. एकटीच आत गेली. फळीवरची परात काढली, तवा बरोब्बर चुलीवर ठेवला. सून मदतीला सरसावली, तशी म्हातारी म्हणाली, "लुडबुड करू नकोस. पानावर जाऊन बस."

मुलाने पहिली भाकरी खाल्ली. दुसरी मागताना त्याला रडू आलं.

पुढे धूर भिंती काळ्या करत राहिला, शेजारणी हसत राहिल्या आणि सून पोतारत राहिली. म्हातारीने मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या चुलीवर रांधलं.

तात्पर्य: स्वयंपाकघराचा रंग बघायला येणाऱ्यांसाठी नव्हे, तिथे राबणाऱ्या माणसासाठी निवडावा.